रिकामे काडतूस पुन्हा भरावे का?



या पानावर आपण बियाण्याबद्दल बोललो, म्हशीच्या भाकडकाळाबद्दल बोललो, मागच्या खेपेला उसाच्या खोडव्याबद्दलही बोललो. या वेळचे पत्र मात्र निराळेच आहे. दौंड तालुक्यातल्या भीमाकाठच्या एका वाचकाने ते पाठवले आहे. नावगाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, ते मी पाळतो.

पत्राचा मतलब असा. नदीकाठी त्यांचा सहा एकर ऊस आहे, शेजारी मका आणि भुईमूग. तीन-चार वर्षे झाली, रानडुकरांचा कळप उसात कायमचा बिऱ्हाड करून बसला आहे. रात्री बाहेर पडतो, भुईमूग नांगरल्यासारखा उकरतो, मक्याची ताटे आडवी करतो आणि उजाडायच्या आत पुन्हा उसात. वडिलांच्या वेळची एकनळी बारा बोअर घरात आहे, पीकराखणीच्या परवान्यावरची. पण काडतुसे महाग झाली, आणि वर्षाला मिळणार ती परवान्यावर लिहिली असतील तेवढीच. आता त्यांचा पुतण्या पलटणीतून निवृत्त होऊन गावी आला आहे. त्याच्याकडे स्वतःची .३१५ रायफल आहे. तो मोबाईलवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांची चित्रे बघतो. तिकडे उडवलेले काडतूस कोणी फेकत नाही म्हणे, घरीच पुन्हा भरतात. इतकेच नाही, तर बंदुकीतच बार काढून काडतुसाचा आकार बदलतात, त्यात जास्त दारू बसते आणि गोळी जास्त जोरात जाते. त्याला ते ‘इम्प्रूव्ह्ड’ म्हणतात. पुतण्या म्हणतो, ‘काका, आपणही करू.’ काकांनी ओसरीवर बसून सर्दावलेली चार काडतुसे फोडलीसुद्धा, आणि त्यातली दारू एका बरणीत काढून ठेवली.

पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात दोन ओळी आहेत. ‘भाऊ, यांना काय ते नीट लिहून कळवा. ती बरणी लोणच्याची आहे आणि घरात दोन लहान नातवंडे आहेत.’

ताई, तुमच्या त्या दोन ओळींसाठी पुढचे सगळे लिहितो आहे. पण पुतण्याने जे सांगितले ते खोटे नाही, म्हणून आधी ते समजावून घेऊ. नुसते ‘करू नका’ म्हटले की तरणी माणसे ऐकत नाहीत, आणि त्यांचे चुकते असेही नाही.

काडतूस म्हणजे चार जिनसा. बाहेरचे टरफल, बुडाशी बसवलेली टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी किंवा छर्रे. चाप ओढला की टाचणी टोपीवर आपटते, टोपीतला मसाला ठिणगी देतो, दारू पेटते, तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला पुढे रेटतो. बारा बोअरच्या काडतुसात टरफल कागदी पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टिकचे असते, बुडाला तेवढे धातूचे. दारू आणि छर्रे यांच्यामध्ये एक बूच असते. रायफलीच्या काडतुसाचे टरफल सबंध पितळेचे. (बारा बोअर हे नाव कुठून आले हे पुष्कळांना ठाऊक नसते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा बारीक.)

आता पितळेची गंमत बघा. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हंडा घडवताना कधी पाहिला आहे का? तांबट पत्रा ठोकतो, ठोकतो आणि मध्येच भट्टीत घालतो. कारण ठोकून ठोकून धातू कडक होतो, आणखी ठोकला तर तडकतो. तापवला की पुन्हा मऊ पडतो. काडतुसाच्या पितळेत साधारण सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते, आणि त्यालाही हाच नियम. बार उडाला की आतल्या दाबाने टरफल फुगते, नळीच्या घरात चहूबाजूंनी चिकटून बसते आणि दाब उतरला की किंचित आक्रसते. त्या आक्रसण्यामुळेच ते बाहेर निघते. म्हणजे प्रत्येक बार हा त्या पितळेवर पडलेला एक हातोडाच. अशा पाच-सात हातोड्यांनंतर त्याची मान तडकते. आणि बुडाजवळ, जिथे पितळ ताणून पातळ होते, तिथे आतून एक चीर धरू लागते. बाहेरून ती दिसत नाही.

याच फुगण्याचा फायदा तिकडच्या कारागिरांनी घेतला. अमेरिकेत पी. ओ. ॲकली नावाचा एक बंदूक कारागीर होऊन गेला, १९०३ चा जन्म, १९८९ साली वारला. त्याने जुन्या काडतुसांची घरे कोरून जरा रुंद केली, अंगाचा निमुळतेपणा काढून टाकला, खांदा उभा केला. अशा कोरलेल्या घरात दुकानातले साधे काडतूस घालून बार काढायचा. टरफल फुगते आणि नव्या घराचा आकार घेते, साच्यात घातल्यासारखे. ते बाहेर काढून पुन्हा भरायचे, आता त्यात थोडी अधिक दारू मावते. पुतण्या म्हणतो ते हेच, बाराने टरफल घडवणे. काही जण तर गोळी न लावता थोडी दारू आणि वरून चक्क रवा भरून बार काढतात. गोळी वाया जात नाही आणि टरफल घडते. आपल्याकडे शिऱ्याला वापरतात तोच रवा, हे वाचून ताईंना हसू येईल.

‘सुधारित’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सुधारित बियाणे येते, एकरी पोती वाढवणारे. इथे तसे काही नाही. या सगळ्या खटाटोपातून गोळीचा वेग वाढतो तो थोडाच, काडतुसागणिक कमीजास्त. तीन-चारशे यार्डांवर डोंगराच्या पलीकडच्या उतारावर उभे असलेले हरीण मारणाऱ्याला त्याचा उपयोग. त्या देशात मैलोगणती मोकळी कुरणे आहेत, दारू आणि टोप्या दुकानात मिळतात, कोणत्या गोळीला कोणती दारू किती ग्रेन याची जाडजूड पुस्तके मिळतात, आणि माणसे ग्रेनच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत तोलणारा काटा घेऊन बसतात. आपले डुक्कर तीस पावलांवर भुईमुगात उभे असते. तीस पावलांवर त्याला साधी गोळी काय आणि सुधारित काय.

बरे, .३१५ ची गोष्ट आणखी वेगळी. ही रायफल आपल्याकडे का आली ते ऐका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने फौजेच्या .३०३ सारख्या रायफली सामान्य रयतेच्या हाती नकोत असे ठरवले, कारण चोरलेली फौजी काडतुसे त्यात चालली असती. मग फौजेशी न जुळणारी बोअर पुढे आली. .३१५ चे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटर मानलिखर रायफलीचे. स्वातंत्र्यानंतरही इशापूरच्या सरकारी कारखान्याने ती रायफल बनवणे चालू ठेवले. म्हणजे हे काडतूसच सव्वाशे वर्षांपूर्वीचे. बुडाला कंगोरा असलेले, निमुळते, सावकाश जाणारी जड गोळी फेकणारे. ते ज्या दाबासाठी आखले त्याच दाबासाठी त्याची रायफल. तिचे घर कोरून त्यात जास्त दारू भरणे म्हणजे जुन्या बैलगाडीच्या आखावर ट्रॅक्टरची ट्रॉली लादणे.

दाबाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. तुमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात चौरस इंचाला पंधरा-वीस पौंड हवा असते. बारा बोअरचा बार उडतो तेव्हा नळीच्या घरात क्षणभर दहा हजार पौंडांच्या आसपास दाब होतो. रायफलीत तो चाळीस हजारांच्या घरात. हे सगळे तुमच्या गालापासून चार बोटांवर घडते, आणि मध्ये असते ते फक्त ते पितळ आणि एक पोलादी खिट्टी. ज्या चिरेबद्दल वर सांगितले ती नेमकी त्याच क्षणी उघडली तर वायूला मागे यायला वाट मिळते.

टोपीचीही एक अडचण आहे, ती पुतण्याला मोबाईलने सांगितली नसावी. टोप्या दोन जातीच्या. एकीत ठिणगीला जायला टरफलाच्या बुडात मधोमध एक भोक असते. तिथून सुई घालून जुनी टोपी बाहेर ढकलता येते. दुसरीत बाजूला दोन बारीक भोके आणि मध्ये टरफलाचाच उंचवटा, तिथे सुई चालत नाही. गंमत अशी की पहिली जात बॉक्सर नावाच्या इंग्रजाने काढली आणि ती अमेरिकेत रुजली, दुसरी बर्डन नावाच्या अमेरिकनाने काढली आणि ती युरोपात व इंग्रजांच्या फौजी कारखान्यांत रुजली. आपल्या सरकारी कारखान्यांनी तोच फौजी वारसा घेतला. तेव्हा अमेरिकेतला माणूस चित्रात ज्या सहजतेने टोपी काढतो ती आपल्या टरफलाला बहुधा लागू पडत नाही. मग लोक खिळा आणि हातोडी घेतात. टोपीतला मसाला ठोकल्यानेच पेटतो, त्यासाठीच तो केलेला आहे, हे विसरून.

आता दारूकडे येतो. इथे मला माझ्या घरची गोष्ट सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

माझे थोरले चुलते शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी राहत. मी सातवीत होतो, म्हणजे १९६२ चा सुमार. त्यांच्याकडे बारा बोअर होती आणि सबंध पितळेची काडतुसे होती. त्या काळी अशी पितळी टरफले घरी भरणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. संध्याकाळी कंदील घेऊन ते घोंगडीवर बसत. काळी दारू मापायला त्यांच्याकडे एक पितळी माप होते, अंगठ्याएवढे. एक माप दारू, वर पुठ्ठ्याची चकती, मग नमदा, मग छर्रे, मग पुन्हा चकती, वर मेण. आम्ही पोरे चकत्या कापून देत असू. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, धूर फार आणि जोर बेताचा. त्या मापाने त्यांनी वीस वर्षे काडतुसे भरली आणि कधी काही झाले नाही.

मग कोणी ओळखीच्याने त्यांना बिनधुराची दारू आणून दिली. दिसायला बारीक करड्या चकत्यांसारखी, धूर नाही, नळी घाण होत नाही. चुलत्यांनी तीही त्याच मापाने भरली. माप तेच, कंदील तोच, हात तोच. बिनधुराच्या दारूचा जोर मापाने धरायचा नसतो, ती तोलावी लागते आणि प्रत्येक जातीचा तोल वेगळा. काळ्या दारूच्या मापाने ती भरली तर दोन-तीन बारांची दारू एका टरफलात जाते. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

ज्वारी हुरड्यात होती. पहिलाच बार. आम्हाला घरी आवाज आला तोच वेगळा, नेहमीचा ‘ढप्प’ नाही, काहीतरी फाटल्यासारखा. नळी घराच्या पुढेच, डावा हात जिथे धरतो तिथे फाटली होती. अंगठा आणि दोन बोटे गेली. बैलगाडीने शिरूर, तिथून एसटीने पुणे, सव्वा महिना दवाखान्यात. चुलते वाचले, पुढे पुष्कळ वर्षे जगले. पण आमच्या घरात धार काढायची ती त्यांनीच, आणि त्यानंतर त्यांना गाय धार देईना. एका हाताचा ताल तिला कळत नसे. चुलतीला धार काढायला शिकावे लागले. बाहेरचा माणूस आला की चुलते डावा हात उपरण्याखाली घेत, ती सवय त्यांची शेवटपर्यंत गेली नाही.

तुम्ही ज्या चार काडतुसांची दारू बरणीत काढली ती बिनधुराची आहे. कोणत्या जातीची, हे तुम्हाला माहीत नाही. चार काडतुसे वेगवेगळ्या सालची असतील तर चार जाती एकत्र झाल्या असतील. जगात कुठल्याही पुस्तकात त्या मिश्रणाचा तोल दिलेला नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण तो तसा सरळ आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा तयार करणे आणि शस्त्रात फेरबदल करणे या दोन्हींना वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे तो नव्हे. रायफलीचे घर कोरले तर तुमच्या परवान्यावर लिहिलेली रायफल ती राहत नाही. पीकराखणीसाठी कायद्याने मुळात ठासणीची बंदूक धरली आहे. ती अपुरी पडते असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले तर वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक तो देऊ शकतो. या कामात रायफलीचे नाव नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. .३१५ ची गोळी चुकली तर दोन किलोमीटरच्या पलीकडे जाऊन पडू शकते. भीमेच्या आणि घोडच्या काठी दोन किलोमीटरमध्ये किती वस्त्या येतात ते मोजा.

काडतूस विकतच घ्यावे. खडकीचा दारूगोळ्याचा सरकारी कारखाना १८६९ पासून चालू आहे, बारा बोअरची काडतुसे तिथे होतात. भाव कमी नाही हे मान्य. पण काडतुसे कमी पडतात म्हणून कोटा वाढवून मागायची सोय आहे. परवाना देणाऱ्या कार्यालयात अर्ज करा, नुकसानीचे पंचनामे जोडा. उत्तराला वेळ लागतो. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि निवडणुका नेमक्या हरभरा घाट्यात असताना येतात, हीही तक्रार मी पुष्कळांकडून ऐकली आहे. रानडुकराला आचारसंहिता लागू नाही. राखणीच्या परवान्यांसाठी याचा वेगळा विचार व्हायला हवा असे मला वाटते.

पत्रातल्या एका शब्दाने मात्र मला काडतुसापेक्षा जास्त काळजी लावली. ‘वडिलांच्या वेळची बंदूक.’ वडील आहेत की गेले? परवाना कोणाच्या नावे आहे? वडील गेले असतील आणि परवाना अजून त्यांच्याच नावे असेल, तर ती बंदूक घरात असणे हाच गुन्हा आहे, मग तुम्ही तिने बार काढा की न काढा. शेतजमिनीची वारसनोंद होते तशी बंदुकीची आपोआप होत नाही. अशी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यायची आणि वारस म्हणून स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करायचा. अनेक घरांत ही बंदूक माळ्यावर गोधडीत गुंडाळून पडलेली असते आणि कोणाच्या ध्यानातही नसते. ज्यांच्या घरी अशी आहे त्यांनी आज संध्याकाळी खाली काढून परवान्याची तारीख वाचावी.

परवाना तुमच्या नावे आणि चालू असला तरी रानडुकरावर बार टाकायला तो पुरेसा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे शिकारीला बंदी आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्याप्रमाणे रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत येते. उभ्या पिकाचे नुकसान होते म्हणून त्याला मारण्याची लेखी परवानगी वनखात्याचा अधिकृत अधिकारी देऊ शकतो. ती आधी हवी, बार मग. मेलेले जनावर सरकारचे, त्याचे मटण वाटून घेता येत नाही. वाटले आणि कोणी कळवले तर वाटणाराही अडकतो आणि खाणाराही. दौंडकरांनी पुणे वनविभागाच्या आणि शिरूरकरांनी जुन्नर वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात जावे. नुकसानभरपाईचा अर्ज नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत द्या. पुष्कळजण आठवड्याच्या बाजाराला जाऊ तेव्हा देऊ म्हणतात आणि मुदत चुकवतात. उकरलेले वावर पंचनाम्याआधी सारखे करू नका, फोटो काढून ठेवा.

शिरूरच्या वाचकांना इथे बिबट्या आठवला असणार. पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांत तीन बळी गेले, त्यात दोन लेकरे. त्या आईबापांना कायदा सांगायला जायची माझी छाती नाही. तरीही लिहावे लागते. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला मारण्याचा हुकूम राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. तिथेही शेवटी वनखात्याच्या नेमबाजांनीच तो मारला. बारा बोअरच्या छर्ऱ्यांनी जखमी झालेला बिबट्या उसात शिरला तर ऊस तोडणाऱ्या टोळीची बायकामुले त्याच्या पुढ्यात येतात. आपला राग त्यांच्यावर निघू देऊ नका.

आपल्या या मुलखात शेती आणि रानजनावर यांचे भांडण आजचे नाही. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव निघाले, जवाच्या दाण्यांबरोबर काळविटाची हाडे निघाली. त्या माणसांनी पिकेही राखली आणि शिकारही केली. पण त्यांच्या शेजारी रात्री मोटार चालू करायला कोणी जात नव्हते.

हा मुद्दा मी मुद्दाम राखून ठेवला होता. तुमच्याकडे शेतीची वीज पाळीने येते, आणि पाळी पुष्कळदा रात्रीची असते. म्हणजे रात्री दोन वाजता उसाच्या कडेला काहीतरी खसफसले, तर ते डुक्कर असेल, किंवा दारे धरायला वाकलेला शेजारी असेल. बॅटरी विझवून तो बसलेला असेल, कारण त्यालाही वाटते आहे की उजेडाने डुक्कर बुजेल. बंदूक हाती असणाऱ्याने दिसल्याशिवाय, आणि पूर्ण जनावर ओळखल्याशिवाय, चापाला बोट लावू नये. आवाजावर बार कधीच नाही. मचाणावरून खाली, मातीकडे तोंड करून टाकलेला बार चुकला तरी जमिनीत जातो. बांधावर उभे राहून समोर टाकलेला बार कुठे जाईल त्याचा नेम नाही. राखणीला कोण कुठे बसणार आणि कोणाची पाणीपाळी आहे हे संध्याकाळीच शेजाऱ्यांना सांगावे. बार नुसता फुसका गेला, टोपी वाजली आणि दारू पेटली नाही, तर बंदूक लगेच उघडू नका. नळी मातीकडे धरून मनात साठ आकडे मोजा. कधी कधी दारू सावकाश पेटते.

तारेत सरळ डीपीवरून वीज सोडणारे आणि कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब भरणारे यांच्याबद्दल मी पूर्वी लिहिले आहे, पुन्हा लिहीत नाही. त्या तारेने माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो एवढे ध्यानात असू द्या. कुंपणच करायचे तर सौर झटका यंत्राचे करा. त्यात वीज क्षणभर येते आणि जाते, जनावर बिचकते, मरत नाही. तारेखालचे गवत मात्र दर पंधरा दिवसांनी कापावे लागते, नाहीतर झटका जमिनीत जातो आणि मग लोक म्हणतात यंत्र खोटे. आठ-दहा जणांनी मिळून सबंध पट्ट्याला केले तर खर्चही वाटला जातो. एकट्याने केले तर डुकरे शेजाऱ्याच्या वावरात जातात आणि भांडण तुमच्या दारात येते.

ठासणीची बंदूक वापरणाऱ्यांना एक सूचना. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा धरते आणि रात्रीत गंज चढवते. बार काढला त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुवावी, कोरडी पुसावी, मग तेलाचा हात द्यावा. नुसत्या तेलाने ती काजळी निघत नाही.

पुतण्याला माझा निरोप सांगा. पलटणीत त्याने जे शिकले ते वाया घालवू नये. गावात राखणीचे परवाने असलेल्या दहा-बारा जणांना बंदूक कशी धरावी, कशी ठेवावी, बार कधी टाकू नये हे त्याने शिकवले तर तो मोठाच आधार होईल. काडतुसाचा आकार बदलण्यापेक्षा ते काम जास्त कसबाचे आहे.

आणि ताई, ती बरणी. चुलीत, बंबात किंवा शेकोटीत ती दारू टाकू देऊ नका. उकिरड्यावर आणि मोरीतही नको. झाकण घट्ट फिरवू नका, उन्हात ठेवू नका. फोडलेल्या काडतुसांची टोपीसकट टरफले वेगळ्या डब्यात घाला, मुले ती दगडाने ठेचून बघतात. दोन्ही वस्तू घरापासून लांब, कुलपात ठेवायला सांगा, आणि परवाना बरोबर घेऊन यांना परवानाधारक दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात ती जमा करायला पाठवा. उरलेली सर्दावलेली काडतुसेही त्यांच्याबरोबर द्या, ती चुलीशेजारी वाळवून पुन्हा चालत नाहीत. बरणी परत आणू नका. लोणच्याला दुसरी घ्या.